‘आयजीआय–२’ : कौतुकही चुकीचे, निंदाही चुकीची

गेल्या मे महिन्यात नेकनूर येथे आमच्या नात्यातील एका साखरपुड्यासाठी चार गावांची मंडळी जमली होती. जेवणे आटोपली, सुपारी फिरली, आणि लिंबाच्या सावलीत सतरंजीवर पडल्या पडल्या एक वाद पेटला. विषय उसाच्या भावाचा नव्हता, निवडणुकीचा नव्हता, की धर्मग्रामाच्या वर्गणीचाही नव्हता. विषय होता संगणकावरील बंदुकांच्या एका जुन्या खेळाचा आणि त्याच्या दुसऱ्या भागाचा. वाचकांपैकी पुष्कळांना हे हास्यास्पद वाटेल. आम्हांलाही क्षणभर वाटले. परंतु तेथे जे बोलले गेले ते ऐकून आम्ही गप्प राहिलो, त्याची टोचणी अजून गेलेली नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

पुण्यास संगणकाच्या कंपनीत नोकरी करणारे आमचे मावसबंधू म्हणाले, ‘‘दुसरा भाग सर्व बाबतींत सरस. चौदा मोहिमांच्या एकोणीस झाल्या, शस्त्रे वाढली, चित्रे सुधारली, मित्रांबरोबर खेळण्याची सोय आली. याहून आणखी काय हवे?’’ त्यांचे थोरले बंधू बीडला दुकान चालवतात. त्यांनी लगेच प्रतिटोला दिला, ‘‘दुसऱ्या भागाने खेळ नासवला. मध्येच सेव्ह करण्याची सवलत दिली आणि कस गेला. पहिला भाग मर्दाचा, दुसरा पोरासोरांचा.’’ खाटेवर बसून हे सारे ऐकणारे आमचे निवृत्त गुरुजी, ज्यांच्या हाताखाली आम्ही तिघेही शिकलो, ते शांतपणे म्हणाले, ‘‘दोन्ही एकाच माळेचे मणी. माणसे मारण्याची शाळा ती. तिच्यात पहिली इयत्ता कोणती अन् दुसरी कोणती, याने काय फरक पडतो?’’

तिघेही आम्हांस प्रिय आहेत. तिघेही चुकले आहेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खेळाची ओळख नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगणे प्राप्त आहे. नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील इनरलूप स्टुडिओज या संस्थेने ‘प्रोजेक्ट आयजीआय’ हा खेळ तयार केला आणि २००० सालच्या डिसेंबरात ईडोस या ब्रिटिश कंपनीने तो प्रकाशित केला. ‘मी आत जात आहे’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. पूर्वाश्रमीचा ब्रिटिश सैनिक असलेला डेव्हिड जोन्स नावाचा एकटा हेर पूर्व युरोपातील लष्करी तळांमध्ये शिरतो आणि चोरीस गेलेल्या अण्वस्त्राचा माग काढतो, एवढेच कथानक. २००३ च्या आरंभी ‘आयजीआय–२ : कोव्हर्ट स्ट्राइक’ आला. कर्ते तेच, प्रकाशक मात्र कोडमास्टर्स. नायकही तोच, रशिया, लिबिया आणि चीन असा त्याचा प्रवास. परदेशी समीक्षकांनी दोन्ही भागांचे स्वागत हातचे राखूनच केले होते. आपल्याकडे मात्र इंटरनेटच्या दुकानांतून आणि संगणकाच्या वर्गांतून हा खेळ असा पसरला, की आज चाळिशीकडे झुकलेल्या पिढीला ‘आयजीआय’ म्हटले की पुढचे काही सांगावे लागत नाही. तो विकत घेतलेल्या सीडीवरून नव्हे, चोरट्या प्रतींवरून पसरला, हेही येथे कबूल केले पाहिजे. आम्ही स्वतः एक दमडीही त्या नॉर्वेकरांना दिली नाही.

आमचा अधिकार काय, असे कोणी विचारील. मांजरसुंब्याहून केजकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेकनूर लागते. आठवडी बाजार, त्यातला जनावरांचा बाजार आणि बंकटस्वामींचे संस्थान यांमुळे गावाचे नाव दूरवर ठाऊक. २००५ च्या सुमारास तेथे पत्र्याच्या एका गाळ्यात संगणकाचा वर्ग चालत असे. चार यंत्रे, एक टेबलफॅन, भिंतीवर टंकलेखनाचा तक्ता. वर्ग सुटल्यावर तासाला पंधरा रुपये देऊन खेळता येई. आम्ही चौघे मिळून पंधरा रुपये जमवीत असू. एकाच्या हाती माऊस आणि तिघांच्या तोंडी सल्ले. हाच आमचा अधिकार.

त्या पहिल्या भागात काय होते? आमच्या मते त्यात पाहणे होते. विमान उडवण्याच्या एका खेळासाठी बांधलेली यंत्रणा त्या लोकांनी येथे वापरली होती. त्यामुळे पडद्यावर डोंगर, दऱ्या आणि दूरवर पसरलेली मोकळी जमीन दिसे. टेकडीवर पालथे पडावे, दुर्बीण डोळ्यांना लावावी आणि खाली तळावर कोण पहारेकरी कुठून कुठे फिरतो, कॅमेरा कोणत्या बाजूस वळतो, बुरुजावर कोण उभा आहे, हे मोजीत बसावे. कॅमेऱ्याने टिपले की धोक्याची घंटा वाजे आणि बॅरेकमधून माणसांचा लोंढा सुटे. त्यामुळे उतावळा मुलगा पाच मिनिटांत मरे. अर्धा अर्धा तास एकही गोळी न झाडता गेलेला आम्हांस आठवतो. बालाघाटाच्या उघड्या माळावर वाढलेल्या मुलांना तो ओसाड, वारा सुटलेला प्रदेश परका वाटला नाही. शेळ्या राखणाऱ्याला जे ठाऊक असते, की आधी सगळे रान नजरेखाली घालावे आणि मग पाऊल उचलावे, तेच तेथे उपयोगी पडे.

दोषही होतेच. रिकाम्या केलेल्या इमारतीतून पुन्हा सैनिक निघत; हा सरळ लबाडीचा भाग. शेजारचा गडी कोसळला तरी दुसरा पहारेकरी पुष्कळदा काहीच न घडल्यासारखा आपल्या फेऱ्या घालीत राही. आणि सर्वांत मोठा दोष म्हणजे मोहीम सुरू झाल्यावर ती अर्ध्यावर जपून ठेवण्याची सोय नव्हती. मेलात, की पुन्हा पहिल्यापासून.

आता बीडच्या बंधुराजांकडे वळू. हाच दोष त्यांना गुण वाटतो. त्यांच्या मते त्यात कस होता.

वाचकहो, त्या दशकात मराठवाड्यातील खेड्यांत विजेची काय अवस्था होती, हे आपणांस सांगावयास नको. लोडशेडिंगचे वेळापत्रक फळ्यावर लिहिलेले असे आणि वीज त्या वेळापत्रकालाही जुमानीत नसे. एके संध्याकाळी आमच्यातला एक मुलगा शेवटून दुसऱ्या मोहिमेत पन्नास मिनिटे टिकून होता. आम्ही तिघे श्वास रोखून मागे उभे. कुंपण ओलांडले, कॅमेरे बंद केले, फाटकापर्यंत पोहोचला, आणि पडदा काळा झाला. गाळ्यात क्षणभर कोणी बोलले नाही. मग तो मुलगा रडू लागला. सोळा वर्षांचा होता. त्याच्या वडिलांनी त्याला बाजारातून मीठ-मिरची आणण्यासाठी दिलेले पैसे त्यात गेले होते. पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला आणि पुन्हा वीज गेली.

बंधुराज, कस कोणाचा लागला? त्या मुलाचा, की वीज मंडळाचा? बीडमध्ये आपल्या दुकानाच्या माळ्यावर इन्व्हर्टर होता. तेथे बसून ‘सेव्ह नको’ असे म्हणणे सोपे होते. ज्याच्या घरी दिवा विझत नाही, त्याने अंधाराचे कौतुक सांगू नये. दुसऱ्या भागात आलेली सवलत ही आमच्यासारख्यांना न्याय होता. तीही अमर्याद नव्हती, याकडे टीकाकार सोयीस्कर दुर्लक्ष करतात. एका मोहिमेत मोजक्याच वेळा सेव्ह करता येई, आणि अवघड पातळी निवडली तर त्याहूनही कमी वेळा. महिनाअखेरीस घरातले रॉकेल जसे जपून जाळावे, तसे ते सेव्ह जपून वापरावे लागत. ‘आता करू की पूल ओलांडल्यावर?’ यावर आम्ही भांडत असू. दनिस्टर नदीवरच्या पुलाच्या मोहिमेत आम्ही उतावीळपणे साऱ्या सवलती आधीच उधळल्या आणि पुढे पस्तावलो. कस गेला असे म्हणणाऱ्यांनी तो पूल पुन्हा एकदा ओलांडून पाहावा.

आणखी एक गोष्ट. जो खेळ जपून ठेवता येतो, तो सोडून उठता येतो. आजीने जपमाळेसाठी हाक मारली, आईने दळण आणावयास सांगितले, म्हशीने दावे तोडले, तर मुलगा उठू शकतो. परत आल्यावर त्याचे काही बुडालेले नसते. दुसऱ्या भागाचा हा सर्वांत मोठा गुण आहे आणि त्याचे कौतुक आम्ही आजवर कोणाच्याही तोंडून ऐकलेले नाही.

पुण्याच्या बंधूंनी तर मुळीच केले नाही. त्यांनी मोजले काय? मोहिमा आणि बंदुका. दुसऱ्या भागात खरोखर कौतुक करावे असे आणखीही काही होते. लाकडी फळीच्या किंवा पातळ भिंतीच्या आड लपलेल्याला गोळी आरपार जाऊन लागे. म्हणजे आडोसा कोणता खरा आणि कोणता नावाचा, याचा विचार करावा लागे. अंगाच्या उष्णतेवरून माणूस दाखवणारा चष्मा मिळे. परंतु शस्त्रांची जत्रा भरली, की पाहण्याचे काम मागे पडते. ज्याच्या हाती एकच पिस्तूल, तो दहादा विचार करतो. ज्याच्या पाठीवर शस्त्रागार, तो दार ठोठावण्याऐवजी फोडतो. पहिल्या भागातली ती लांबलचक शांतता दुसऱ्या भागात आम्हांस फार थोड्या ठिकाणी भेटली. पहारेकरी फारसे शहाणे झाले नव्हते; त्यांची संख्या आणि आमच्या गोळ्या मात्र वाढल्या होत्या. चौदाच्या एकोणीस मोहिमा झाल्या, हे खरे. लग्नात पंगती वाढल्याने वरणाची चव वाढत नाही.

आणि आता त्या सोयीविषयी, जिचा उल्लेख बंधूंनी सर्वांत शेवटी, पण सर्वांत अधिक उत्साहाने केला. पहिल्या भागात एकट्यानेच खेळावे लागे. दुसऱ्या भागात सोळा जणांपर्यंत दोन तट करून, तारांनी जोडलेल्या यंत्रांवर एकमेकांविरुद्ध लढता येऊ लागले. त्या वेळी आम्हांलाही याचे अप्रूप वाटले. समोर यंत्राचा बावळट पहारेकरी नसून आपलाच शाळासोबती आहे, यात गंमत होती, आणि गाळ्यात हशा पिकत असे. पण याच ठिकाणी एक गोष्ट हरवली, आणि ती आमच्या तेव्हा ध्यानात आली नाही. एकट्याचा खेळ एस्केपची कळ दाबून थांबवता येतो. दुसऱ्याबरोबरचा खेळ थांबत नाही. एक उठला तर तटातले बाकीचे उघडे पडतात, शिव्या देतात. एकाच सीडीवर, एकाच खेळात, उठून जाऊ देणारी सेव्हची सोय आणि उठू न देणारी जुगलबंदी शेजारी शेजारी नांदत होत्या. पुढे बाजाराने कोणती वाट धरली, हे आज प्रत्येक घरात दिसते.

बीड जिल्ह्यातील आपल्या अनेक कुटुंबांना हे अधिक जाणवते, आणि का ते सांगतो. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेल्या जोड्या कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात. मुले आजी-आजोबांपाशी राहतात. पूर्वी महिनोन्महिने एकमेकांचा आवाज ऐकू येत नसे. आता जाताना आई-वडील एक मोबाइल मुलाजवळ ठेवून जातात. रात्री फडावरून फोन करता यावा म्हणून. आमच्या परिचयाच्या एका घरात अशा मोबाइलवर तेरा वर्षांचा मुलगा लढाईचा खेळ खेळू लागला. शंभर जण एका बेटावर उतरतात आणि शेवटी उरेल तो जिंकतो, असा तो खेळ. दिवसभर मोळ्या बांधून आई रात्री साडेआठला फोन करी. त्याच वेळी मुलाचा सामना रंगात आलेला असे. तो फोन कापी. आई पुन्हा लावी, तो पुन्हा कापी. ती माउली समजे, की गावात रेंज नाही. हे दोन महिने चालले. आजीला मोबाइलातले काही कळत नव्हते आणि मुलाला वाईट वाटत नव्हते असेही नाही. तो आम्हांस म्हणाला, ‘‘काका, मध्येच सोडता येत नाही हो. बाकीचे मरतात.’’

‘बाकीचे मरतात’ हे त्याचे उत्तर हसण्यावारी नेण्याजोगे नाही. खेळातल्या सोबत्यांशी तो इमान राखीत होता. त्याच्या इमानाला जागा मिळाली ती तेथे, आणि आईच्या फोनला मिळाली नाही, हा दोष एकट्या त्याचा मानावयास आम्ही तयार नाही. थांबता न येणारी वस्तू कोणी तरी हेतुपुरस्सर तशी घडवली आहे.

यावर राज्यकर्त्यांनी काय केले? २०१९ च्या मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी पब्जी खेळणाऱ्या तरुणांना अटक केली. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अॅप्सवर बंदी घातली, त्यात पब्जीही होता. पण कारण दिले ते देशाच्या सुरक्षेचे आणि माहितीच्या गळतीचे, मुलांच्या झोपेचे नव्हे. २०२१ च्या जुलैत तोच खेळ भारतासाठी वेगळे नाव घेऊन परत आला. २०२२ च्या जुलैत पुन्हा गेला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. या नव्या अवतारात एक सुधारणा करण्यात आली: रक्ताचा रंग हिरवा केला. हे वाचून आम्ही प्रथम हसलो आणि मग संतापलो. रक्त लाल असते म्हणून कोणाची आई फडावर फोन हातात धरून बसली नव्हती. हिरवा रंग हे मोठ्या माणसांच्या सदसद्विवेकाला लावलेले मलम आहे. मुलाच्या जखमेला ते लागत नाही. त्या मानाने १८ वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली गेली, ही गोष्ट शहाणपणाची होती. पण ती मर्यादा मुलाने आपले खरे वय सांगितले तर. आणि ज्याच्या हातातला मोबाइल बापाच्या नावावर आहे, त्याचे वय यंत्राला कसे कळावे?

राहिले गुरुजी. त्यांच्याशी वाद घालताना आमची जीभ जड होते, कारण त्यांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे आणि ती दोघाही बंधूंनी कानाआड केली. ‘आयजीआय’च्या दोन्ही भागांत पहारेकऱ्याला नाव नाही. त्याला शरण येता येत नाही, आपण त्याला बांधून ठेवू शकत नाही. त्याच्या बॅरेकमध्ये खाटा आहेत, म्हणजे तो झोपतो. पण त्याला पत्र येत नाही, घर नाही, कोणी वाट पाहणारे नाही. जोन्स कोणालाही ‘हे का?’ असे विचारीत नाही. पहिल्या भागात रशियन भाषिक, दुसऱ्यात लिबियाचे आणि चीनचे. शत्रू नेहमी दूरचा आणि चेहरा नसलेला. नेकनूरसारख्या गावात, जेथे हिंदू, मुसलमान आणि आपण एकाच बाजारात उभे राहून घासाघीस करतो, तेथल्या मुलाने शत्रू असा ठोक भावाने घेऊ नये, ही गुरुजींची चिंता आम्हांस मान्य आहे. हा दोष दुसऱ्या भागाने सुधारला नाही. पाच मोहिमा वाढवणाऱ्यांनी एक तरी मोहीम अशी रचावयाची होती, की जिच्यात पहारेकरी हात वर करील आणि खेळणाऱ्याला ठरवावे लागेल.

पण म्हणून दोन्ही भागांत फरकच नाही, हे आम्ही मान्य करणार नाही. गुरुजी, आपणच आम्हांला शिकवलेत, की न वाचलेल्या पुस्तकावर मत देऊ नये. आमच्या चौघांपैकी एक आज शिक्षक आहे, एक एसटीत, एक शेती करतो आणि चौथा हे लिहीत आहे. बंदूक कोणीही हाती घेतली नाही. यावरून आम्ही काही सिद्धान्त मांडू इच्छीत नाही, कारण चार मुलांवरून सिद्धान्त होत नाही. इतकेच म्हणावयाचे आहे, की ‘सारे खेळ सारखेच वाईट’ असे मुलाला सांगितले, की तो आपले ऐकणे सोडून देतो. त्याला ठाऊक असते, की ते सारखे नाहीत. टेकडीवर अर्धा तास दुर्बीण लावून बसवणारा खेळ आणि आईचा फोन कापावयास लावणारा खेळ यांत भेद न करणारा माणूस त्याच्या लेखी आंधळा ठरतो. आणि आंधळ्याने दाखवलेल्या वाटेने कोण जाणार?

त्या तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत आम्ही काय केले, तेही सांगून टाकतो. मोबाइल काढून घेतला नाही. आईचा आवाज त्याच मोबाइलात होता. आमच्याकडे एक जुना लॅपटॉप पडून होता. त्यावर ‘आयजीआय’चे दोन्ही भाग घातले, या वेळी रीतसर विकत घेऊन, आणि तो दिवाळीनंतर आजीच्या घरी नेऊन ठेवला. संध्याकाळी सात ते साडेआठ. साडेआठला फोन वाजतो, तो एस्केप दाबतो आणि मोबाइल उचलतो. दर रात्री हे साधते असे नाही. मोबाइलवरचा तो दुसरा खेळ त्याने सोडलेला नाही. रविवारी मिस्सा झाल्यावर मित्रांबरोबर खेळतो. पहिल्या भागाच्या सहाव्या मोहिमेत तो अडकला आहे आणि सेव्ह का नाही म्हणून नॉर्वेच्या लोकांना नावे ठेवतो. दुसरा भाग त्याला अधिक आवडतो. आम्ही वाद घातला नाही.

गुरुजींना आम्ही निरोप पाठवला आहे, की एका संध्याकाळी त्या घरी यावे, मुलाच्या शेजारी बसावे आणि टेकडीवरून तो तळ एकदा दुर्बिणीतून पाहावा. त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही. पण नकारही दिलेला नाही. चष्म्याचा नंबर बदलला आहे, तो नवा चष्मा आल्यावर बघू, असे त्यांनी कळवले आहे.